टाळूची गाठ, फुफ्फुसातले दाणे आणि दहा वर्षांचा हिशेब

२०१५ च्या दिवाळीत चकली खाताना डावीकडे टाळूला टोचलं म्हणून जीभ फिरवून पाहिली तर तिथे एक गुळगुळीत फुगवटा लागला, शेंगदाण्याएवढा असेल, दुखत नव्हता, आरशात नीट दिसतही नव्हता. किती दिवसांपासून होता देव जाणे. मी नागपुरात महाल भागातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते, दिवाळीनंतर ठेवींच्या नूतनीकरणाची गर्दी असते, त्यात पंधरा-वीस दिवस असेच गेले, मग घराजवळच्या एका दातांच्या डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले दाढेच्या मुळाशी पू झालाय. गोळ्या दिल्या, फरक नाही. मग रूट कॅनाल केलं, तरी फुगवटा तिथेच. महिना ह्यातच गेला. मी त्यांच्यावर राग धरलेला नाही, टाळूवरचा फुगवटा बरेचदा दाताच्या पूमुळेच असतो. पण एक गोष्ट मी सांगितली होती आणि ती त्यांनीही सोडून दिली आणि मीही, ती म्हणजे त्या बाजूच्या टाळूला चहाचा चटका कळत नव्हता. एक पट्टा बधिर झाल्यासारखा. पुढे कळलं की सगळ्या सांगण्यात तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती.

शेवटी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारातल्या डेंटल कॉलेजला गेले. तिथे तपासणाऱ्या मॅडमने पहिला प्रश्न तोच विचारला, बधिर वाटतं का म्हणून, आणि हो म्हटल्यावर त्यांनी लगेच वरच्या सरांना बोलावलं. त्याच आठवड्यात बायोप्सी झाली.

ज्यांनी नागपूर पाहिलंय त्यांना सांगायला नको की तिथल्या बाकांवर कोण बसलेलं असतं. खर्रा, म्हणजे आमच्याकडचं तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाऊन खाऊन तोंड उघडेनासं झालेली वीस-बावीसची पोट्टी, गालाला गाठ आलेले रिक्षावाले, मिशरी लावणाऱ्या म्हाताऱ्या. आणि मी. बायोप्सीत कॅन्सर निघाला आणि नातेवाइकांत बातमी पसरली तर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, माझ्या चुलत सासूबाई तर खोलीत शिरता शिरता म्हणाल्या, "काहून वं पोरी, तू पण खर्रा खात होती का लपून?" मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. ह्या आजाराचा तंबाखूशी पक्का संबंध सापडलेला नाही, पण तेव्हा मला हे माहीत नव्हतं आणि मी प्रत्येकाला शपथा घेऊन सांगत बसायची. आज वाटतं काय गरज होती. खाल्ला असता तरी कॅन्सर झालेल्या माणसाला दारातच असं विचारायचं असतं का?

रिपोर्टवर नाव होतं ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. मी ते नाव तीन वेळा वाचलं तरी उच्चारता आलं नाही. सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की लाळेच्या मोठ्या ग्रंथी कानाखाली, जबड्याखाली आणि जिभेखाली असतात हे लोकांना माहीत असतं, पण त्याशिवाय तोंडभर सहाशे ते हजार बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात, टाळूवर तर खूपच, त्यातल्या एकीत हा सुरू झाला. डोकं-मान ह्या भागातल्या सगळ्या कॅन्सरमध्ये ह्याचं प्रमाण एखादा टक्का. हळू वाढतो. मानेच्या गाठींमध्ये फारसा जात नाही. पण नसेला धरून सरकतो, वेल मांडवाला धरून चढतो तसा, आणि टाळूची नस वर कवटीच्या तळाशी जाते, म्हणून बधिरपणाचं एवढं महत्त्व. आणि दुसरं, फुफ्फुसात जाऊ शकतो, तोही कधीकधी खूप वर्षांनी.

"हळू वाढतो" एवढंच ऐकून आमचे हे खूश झाले होते. मला मात्र "खूप वर्षांनी" हे शब्द ऐकू आले होते. हिशेबवाल्यांचं असंच असतं, मुदत कुठे संपते ते आधी बघतात.

एक काम आम्ही तेव्हा केलं ते मी आज प्रत्येकाला सांगते. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक मागून घेतला आणि दीर तो घेऊन दुरांतोने मुंबईला टाटाला गेले, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून जावा म्हणून. हा आजार दुर्मिळ आहे, लाळग्रंथींच्या गाठींचे प्रकार खूप आहेत आणि ते एकमेकांसारखे दिसतात, बारीक तुकड्यावरून गल्लत होऊ शकते. तिकडचंही उत्तर तेच आलं, वर एक ओळ जास्त होती, जाळीदार प्रकार, सॉलिड भाग नाही. ह्या ओळीची किंमत मला पुढे कळली. मायक्रोस्कोपखाली हा आजार तीन तऱ्हांनी दिसतो, चाळणीसारखा भोकाभोकांचा (हाच जाळीदार), नळ्यानळ्यांचा, आणि भरीव ठोकळ्यासारखा. भरीव म्हणजे सॉलिड भाग जितका जास्त तितका आजार जोरात. तुमच्या रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसेल तर विचारा, लाजू नका.

ऑपरेशन २०१६ च्या जानेवारीच्या शेवटी झालं. आधी एमआरआय केला, नस कुठपर्यंत धरलीये ते बघायला. मग डाव्या बाजूचा टाळू, वरच्या जबड्याचा खालचा भाग आणि चार दात काढले. सहा तास. खर्च राजीव गांधी जीवनदायीत बसला, पुढे तिचीच महात्मा फुले योजना झाली, आमचं रेशनकार्ड केशरी होतं म्हणून बसलं, नाहीतर दागिने गेले असते.

ऑपरेशनबद्दल लोक विचारतात दुखलं का. दुखलं, पण ते विसरले मी. विसरले नाही ते भोक. तोंड आणि नाक ह्यांच्यामधली भिंतच गेली होती. ऑपरेशनमध्येच एक प्लेट बसवली होती, ती पहिल्यांदा काढून साफ केली तेव्हा मी घोटभर पाणी प्यायले आणि ते सगळं नाकातून आलं. नर्स म्हणाली असंच होतं ताई, घाबरू नका. मी घाबरले नव्हते, मला लाज वाटली होती, समोर माझी अकरावीतली पोरगी उभी होती. आणि बोलणं! प्लेट नसली की सगळी हवा नाकातून जाते, "ब" चा "म" होतो, "द" चा "न" होतो, मी दिराला दादा म्हणायची तर नाना ऐकू यायचं. दोन आठवडे मी पाटीवर लिहून बोलले.

ह्या प्लेटला ऑब्च्युरेटर म्हणतात, कवळीसारखीच असते पण वर एक फुगीर गोळा असतो जो ते भोक बंद करतो. पहिली तात्पुरती, मग जखम आकसते तशी ती सैल होते, मग दुसरी, आणि साताठ महिन्यांनी पक्की. माझी पक्की प्लेट डेंटल कॉलेजच्याच एका पीजीच्या पोराने बनवली, आठ वेळा बोलावलं त्याने, दरवेळी मला "बाबा बाजारात बसले" हे वाक्य म्हणायला लावायचा, आणि आठव्या वेळी ते वाक्य स्वच्छ आलं तेव्हा त्याच्याच डोळ्यात पाणी. त्याचं भलं होवो. आता मी फोनवर बोलते तर समोरच्याला कळतही नाही.

नसेच्या टोकाला मायक्रोस्कोपखाली काही पेशी राहिल्या होत्या, म्हणून रेडिएशन. एकूण ६६ ग्रे (हे रेडिएशन मोजायचं माप), ३३ शेक, आठवड्यातून पाच दिवस. तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलला जायचे, सक्करदऱ्याहून स्कूटीवर दहा मिनिटं, पण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत, म्हणजे नागपूरचं ऊन कसं ते काय सांगू, तोंडावर प्लास्टिकचा जाळीचा मास्क घट्ट आवळून टेबलाला ठोकतात, मशीन फिरतं, पाच-सात मिनिटांत बाहेर. तिथे काहीच कळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कळायला लागतं. तोंड आतून सोललं, लाळ आधी चिकट दोरीसारखी झाली आणि मग गेलीच, चव गेली. ज्या घरात रविवारी सावजी रस्सा होतो त्या घरात मी मुगाचं पाणी आणि दुधात कुस्करून मिक्सरमधून काढलेली पोळी चमच्याने गिळत बसायची, आणि आमच्या सासूबाईंनी त्या दीड महिन्यात घरात फोडणीत मिरची घातली नाही, ठसका येईल म्हणून. चव सहा महिन्यांनी हळूहळू आली, लाळ पूर्ण कधीच आली नाही, आजही पाण्याची बाटली हातात असते.

एक सांगते, जबड्याचा व्यायाम चुकवू नका. रेडिएशननंतर जबडा आखडतो. मला आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सरकवायला सांगितल्या होत्या, दिवसातून पाच वेळा. सुरुवातीला नऊ काड्या जेमतेम जायच्या, सहा महिन्यांनी पंधरा. ज्या आठवड्यात कंटाळा केला त्या आठवड्यात दोन काड्या कमी व्हायच्या, लगेच. आणि रेडिएशनच्या आधी दातांची सगळी कामं उरकून घ्या, नंतर दात काढायचा म्हणजे त्या हाडाची जखम भरत नाही अशी भीती असते.

इथपर्यंतचं कसंतरी निभतं, कारण रोज काहीतरी करायचं असतं. अवघड होतं ते नंतरचं, जेव्हा करायला काही उरत नाही आणि माणूस आकडे वाचायला बसतो.

मी वाचले. पोरीच्या मोबाइलवर, रात्री, कूलरच्या आवाजात. वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आहेत पण ढोबळ चित्र असं, पाच वर्षांनी हयात असलेले ७५ ते ९० टक्के. वाचून जीवात जीव आला. मग खालची ओळ, दहा वर्षांनी ५० ते ७०. मग पंधरा वर्षांनी ४० च्या आसपास. मी तेव्हा ४४ वर्षांची होते. पंधरा मिळवले तर ५९. रिटायरमेंटच्या सुद्धा आत.

बऱ्याच कॅन्सरमध्ये पहिली दोन-तीन वर्षं धोक्याची, पाच गाठली की आलेखाची रेघ बरीचशी सपाट होते, म्हणून तर पाच वर्षांना एवढा मान आहे. ह्या आजारात ती रेघ सपाट होत नाही. हळू उतरते, पण उतरत राहते. दहा वर्षांनी, वीस वर्षांनीसुद्धा परत आल्याची उदाहरणं आहेत. म्हणजे जे "हळू वाढतो" ऐकून आम्ही खूश झालो होतो त्याचीच ही दुसरी बाजू.

दोन-तीन महिने मी त्या ४० च्या आकड्याखाली दबून होते, खरंच सांगते, पोरीच्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर सही करताना मनात वर्षं मोजत होते. मग एक दिवस ऑफिसात एका थकीत कर्जाची फाइल समोर होती आणि मला वाटलं, आपण एवढी वर्षं आकड्यांतच घालवली, कुठलाही ताळेबंद समोर आला की पहिल्यांदा विचारतो ह्यात कोणकोणती खाती धरलीत, कोणत्या तारखेपर्यंतची, मग हाच आकडा का आंधळेपणाने गिळला?

म्हणून पुढच्या व्हिजिटला वहीत प्रश्न लिहून नेले. आमचे कॅन्सरचे सर भले माणूस, बाहेर चाळीस पेशंट बसले असताना त्यांनी मला वीस मिनिटं दिली. त्यातून मला जे समजलं ते असं. पंधरा वर्षांचा आकडा द्यायचा तर ते पेशंट किमान पंधरा वर्षांपूर्वी ट्रीटमेंट झालेले असणार, बरेचसे तर ८० आणि ९० च्या दशकातले, तेव्हाचे स्कॅन वेगळे, रेडिएशन वेगळं. दुसरं, बरेचदा तो आकडा सगळ्या मृत्यूंचा असतो, हार्ट अटॅकने गेलेला साठीतला पेशंटही त्यात धरलेला असतो, फक्त ह्या आजाराने गेलेल्यांचा आकडा वेगळा काढला तर तो थोडा बरा दिसतो. तिसरं, त्यात सगळे एकत्र असतात, टाळूवाले, सायनसवाले, श्वासनळीवाले, सॉलिडवाले, कडा स्वच्छ निघालेले, म्हणजे कापलेल्या भागाच्या कडेला पेशी न राहिलेले, आणि न निघालेले. मी त्यातली कोण? जाळीदार प्रकार, ही जमेची बाजू. नस धरलेली, टोकाला पेशी राहिलेल्या, ही खर्चाची. सर म्हणाले, "ताई, तुमचा आकडा मी सांगू शकत नाही, पण तुमच्या खात्यात दोन्ही बाजूंना काय आहे ते सांगू शकतो." मला तेवढं पुरलं. खोटा धीर दिला नाही ह्याचं जास्त बरं वाटलं.

आणि हा आजार कळायलाच किती वेळ लागला बघा. १८५० च्या दशकात बिलरोथ नावाच्या सर्जनने ह्याचं वर्णन केलं होतं, तेव्हा नाव सिलिंड्रोमा होतं. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २००९ मध्ये, स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की ह्यातल्या बऱ्याच गाठींमध्ये एमवायबी आणि एनएफआयबी ही दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली असतात. एवढ्या वर्षांत केमोने ह्यावर फारसं काही साधलेलं नाही आणि आजही फक्त ह्याच आजारासाठीचं म्हणून हातात घ्यावं असं खात्रीचं औषध नाही. पेशंट थोडे, म्हणून अभ्यास थोडे, म्हणून औषधं थोडी. मला ह्याचं खूप वाईट वाटतं. माझ्यासारखी लोकं हजारो किलोमीटरवर विखुरलेली, एका शहरात हाताच्या बोटांवर मोजावी एवढी.

ओपीडीत मला ह्या दहा वर्षांत हाच आजार असलेले दोघंच भेटले. एक गोंदियाचे काका, कानाखालची ग्रंथी, अर्धा चेहरा लुळा पडलेला, ऑपरेशनला चौदा वर्षं झालेली, धानाची शेती अजून स्वतः बघतात. आणि दुसरी भंडाऱ्याची एक पोरगी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तिचा प्रकार सॉलिड होता. दोन वर्षांत हाडांत गेला, पाठीचा मणका, आणि हाडात गेला की फुफ्फुसापेक्षा वेगाने जातो. तीन वर्षंही पुरी झाली नाहीत. तिचा नंबर मी अजून डिलीट केलेला नाही. म्हणून कोणी माझ्यासमोर "अरे हा तर स्लो वाला कॅन्सर" म्हटलं की मला सहन होत नाही. तिला कोणी सांगावं स्लो म्हणून.

२०२१ च्या जानेवारीत माझी पाच वर्षं झाली. जाऊबाई संत्रा बर्फी घेऊन आल्या, सगळे म्हणाले सुटली. मी सरांना पेढे द्यायला गेले तर त्यांनी घेतले, आणि म्हणाले पाच वर्षांचा नियम ह्या आजाराला लागत नाही, फॉलो-अप बंद करायचा नाही. तीन महिन्यांनी एप्रिलमध्ये मला कोविड झाला. त्या एप्रिलमधलं नागपूर आठवलं तरी अंगावर काटा येतो. एचआरसीटी, म्हणजे छातीचं सीटी, केलं, स्कोअर ८ आला, घरीच बरी झाले. त्या रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती, दोन्ही फुफ्फुसांत काही बारीक दाणे, संसर्गानंतरचे असावेत. त्या दिवसांत त्या ओळीकडे कोण बघतं? कोणीच बघितलं नाही.

तोपर्यंत माझा वर्षाला एक छातीचा एक्सरे व्हायचा आणि तो कायम क्लिअर यायचा. २०२२ च्या जूनमध्ये फॉलो-अपला दुसरे डॉक्टर होते, त्यांनी फाइल वाचली आणि म्हणाले एवढे बारीक दाणे एक्सरेत दिसत नाहीत, सीटी करू. केलं. पाच दाणे, दोन्ही बाजूंना मिळून, सगळ्यात मोठा ६ मिलिमीटर.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता फुटाळा तलावावर जाऊन बसले. ह्यांना फोन केला, हे आले, बराच वेळ दोघंही काहीच बोललो नाही, पोरं सेल्फी काढून राहिली होती, मक्याचे कणीसवाले ओरडून राहिले होते. मग हे म्हणाले, ती कोविडची सीडी आहे ना आपल्याकडे?

होती. मी कागद फेकत नाही, सवयच तशी. गोदरेजच्या कपाटात स्टीलच्या डब्यात सगळ्या सीड्या तारखा घालून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवशी ती नेली, रेडिओलॉजिस्टने दोन्ही शेजारी शेजारी लावली. चौदा महिन्यांपूर्वी तेच पाच दाणे तिथेच होते. मोठा तेव्हा ५ मिलिमीटर होता, आता ६. नवीन एकही नाही.

त्या एका सीडीने सगळं बदललं. ती नसती तर समोर फक्त "पाच दाणे" होते, आणि घाबरून काहीतरी औषध सुरू झालं असतं. ती होती म्हणून दाण्यांचा वेग कळला. ह्या आजारात दाणे आहेत की नाहीत ह्यापेक्षा ते कोणत्या वेगाने वाढतात हे जास्त महत्त्वाचं, हे मला तेव्हा कळलं. पेट स्कॅनमध्ये ते फारसे चमकले नाहीत, पण बारीक आणि हळू वाढणाऱ्या गाठी त्यात चमकत नाहीत बरेचदा, म्हणून त्यावर कोणी निश्चिंत झालं नाही. २०२३ मध्ये कडेचा एक दाणा सुईने तपासला, तोच आजार निघाला.

काढून टाकता येतील का हा माझा पहिला प्रश्न. एखाद-दोन असते, एकाच बाजूला असते, तर विचार केला असता म्हणाले. औषध? लेनव्हॅटिनिबसारख्या गोळ्या आहेत, पण त्याने गाठ ठळक आकसते असे पेशंट थोडेच, बाकी काही जणांत वाढ काही काळ थांबते, आणि त्याबदल्यात बीपी वाढतं, वजन उतरतं, थकवा येतो. ती गोळी ज्यांचा आजार भराभर वाढतोय किंवा त्रास देतोय त्यांच्यासाठी राखून ठेवायची. सर म्हणाले, "दाणे तुम्हाला त्रास देत नाहीयेत, गोळी देईल. ती पळून जात नाहीये, लागेल तेव्हा घेऊ." लोकांना हे समजावणं सगळ्यात कठीण. कॅन्सर फुफ्फुसात आहे आणि डॉक्टर काही करत नाहीयेत? माहेरून फोनवर फोन, दुसरा डॉक्टर बघ, अमक्या वैद्याकडे जा, तमक्या गावात काढा देतात. आईला तर मी अजूनही पूर्ण समजावू शकले नाही. लक्ष ठेवून थांबणं हीसुद्धा ट्रीटमेंट असते, आणि ती गोळी गिळण्यापेक्षा अवघड असते, हे मी अनुभवाने सांगते.

ह्यात आकड्यांची आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि ती मी सरांना विचारून खात्री करून घेतली. पुस्तकात लिहितात की लांब पसरल्यानंतर पेशंट अमुक वर्षं जगतात. पण ती वर्षं मोजतात कधीपासून? सापडल्यापासून. माझे दाणे कोविडमुळे सीटी झालं म्हणून २०२१ मध्ये कागदावर आले. कोविड झालाच नसता आणि मी एक्सरेवरच राहिले असते तर ते कदाचित आणखी चार-पाच वर्षांनी दिसले असते. मी तीच, दाणे तेच, मरणार त्याच दिवशी, पण एका हिशेबात मी पसरल्यानंतर खूप वर्षं जगले आणि दुसऱ्या हिशेबात थोडीच. आमच्याकडे कर्ज थकतं एका तारखेला आणि वहीत थकीत म्हणून चढतं दुसऱ्या तारखेला, ह्या दोन तारखांमध्ये अंतर असतं, तसंच हे. म्हणून कोणी मला "फुफ्फुसात गेल्यावर किती वर्षं" असा एक आकडा फेकून मारला की मी विचारते, कोणत्या स्कॅनने सापडलेले पेशंट, आणि लहान असताना की मोठे झाल्यावर? एक तृतीयांश ते निम्म्या पेशंटमध्ये कधी ना कधी हा लांब पसरतो, बहुतेक वेळा फुफ्फुसातच, आणि फुफ्फुसातल्या गाठी घेऊन दहा वर्षांच्या वर जगलेल्यांच्याही नोंदी आहेत. भंडाऱ्याच्या पोरीसारख्याही आहेत. दोन्ही खऱ्या.

आता कोणाच्या ना कोणाच्या ओळखीतून मला फोन येतात, चंद्रपूर, अमरावती, एकदा बालाघाटहूनही आला, रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेला आवाज असतो. मी त्यांना आकडे सांगत नाही. सॉलिड भाग किती लिहिलाय विचारते, नसेबद्दल काय लिहिलंय, कडा स्वच्छ आहेत का, छातीचं सीटी झालं का की फक्त एक्सरे, आणि सुरुवातीचा स्कॅन कितीही स्वच्छ असला तरी त्याची सीडी जपून ठेवा, पुढे कधी काही दिसलं तर तुलना करायला तीच लागते. मागच्या महिन्यात एका बाईने विचारलं, ताई तुम्ही रात्री झोपता का? म्हटलं झोपते. स्कॅनच्या आधीचा आठवडा सोडून.

ह्या वर्षीच्या सीटीत सगळ्यात मोठा दाणा ९ मिलिमीटर आहे. चार वर्षांत ५ चा ९. एक नवीन दिसतोय, ३ मिलिमीटरचा, उजवीकडे खाली. सर म्हणाले आता वर्षाऐवजी सहा महिन्यांनी करू. पोरगी आता पुण्याला नोकरीला आहे, तिने रिपोर्टचा फोटो मागवला, आकडे स्वतःच्या एक्सेलमध्ये टाकले आणि मला आलेख पाठवला, मी बघितला, रेघ चढतेय पण अजून उभी झालेली नाही. नवीन सीडी डब्यात ठेवली, वर तारीख घातली, आणि पुढची तारीख कालनिर्णयवर पेनाने गोल करून ठेवली आहे.